सोलापूरची चादर गूगलला वाचता येते का?

(दृश्य: अक्कलकोट रस्ता एमआयडीसी. यंत्रमाग सुरू आहे. चादरीवर जकार्डची नक्षी उतरते आहे.)

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, इथल्या टेरी टॉवेललाही आहे. नाव देशभर पोचलेलं आहे. तरीही नागपूरचा एखादा लॉजमालक मोबाइलवर ‘सोलापुरी चादर होलसेल’ असं शोधतो, तेव्हा वरच्या जागा बहुतेकदा मोठ्या ऑनलाइन बाजारांनी आणि व्यापारी सूचींनी धरलेल्या असतात. चादर जिथे विणली जाते त्या कारखान्याची वेबसाइट कुठेतरी खाली असते, किंवा निकालांत नसतेच.

खाली असणं आणि मुळात नसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पैसे मात्र बहुतेक वेळा पहिल्यावरच खर्च होतात.

गूगलबॉट नावाचा प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात पानं उघडतो. उघडलेल्या पानातला मजकूर तपासून त्याची नोंद अनुक्रमणिकेत केली जाते. कोणी काही शोधलं की त्या नोंदींतून निकाल निवडले जातात आणि त्यांचा क्रम लागतो. क्रमाची चर्चा सगळे करतात, पण पहिल्या दोन टप्प्यांत अडकलेलं पान क्रमापर्यंत पोचतच नाही.

म्हणून तपासणीची सुरुवात इथून करायची. गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे आपली वेबसाइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं साधन, मोफत आहे. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, डीएनएस सेटिंगमध्ये (नाव कुठे पोचवायचं ते सांगणारी नोंदवही) गूगलनं दिलेली एक टीएक्सटी नोंद, म्हणजे मजकुराची ओळ, टाकली की मालकी सिद्ध होते. मग ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकायचा. पान अनुक्रमणिकेत आहे की नाही, नसेल तर का नाही, याचं उत्तर तिथेच मिळतं.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण साधं असतं. वेबसाइट तयार होत असताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून ‘नोइंडेक्स’ची, म्हणजे ‘या पानाची नोंद करू नका’ अशी, खूण लावलेली असते आणि साइट सुरू करताना ती काढायची राहून जाते. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनात ती सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ या पानावर असते: सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक छोटी चौकट. तिच्यातली बरोबरची खूण काढली की अडथळा गेला.

बॉटनं कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या रोबॉट्स फाइलचा घोळ याहून किचकट आहे. त्या फाइलमध्ये ‘डिसअलाउ’ लिहिलं की बॉट पान उघडत नाही, पण दुसऱ्या कुणी त्या पानाचा दुवा दिला असेल तर नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. उलट ‘नोइंडेक्स’ वाचण्यासाठी बॉटला पान उघडावंच लागतं. दोन्ही एकाच पानावर लावले तर ‘नोइंडेक्स’ची सूचना बॉटपर्यंत पोचतच नाही.

साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, जरूर द्यावी. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी, ही मर्यादा लहान वेबसाइटच्या आड कधी येत नाही. पण साइटमॅप ही विनंती आहे, त्यानं नोंदीची खात्री मिळत नाही.

(दृश्य: डीटीपीचं दुकान. संगणकाच्या पडद्यावर माहितीपत्रक.)

आता मराठी वेबसाइटचा खास अडसर. इथे जरा थांबायला हवं.

कारखान्याचं माहितीपत्रक वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडे तयार होतं. तिथे श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टायपिंग झालेलं असतं. या फाँटमध्ये देवनागरी अक्षराचं चित्र रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेलं असतं. तो फाँट असलेल्या पडद्यावर ‘चादर’ दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. बॉट फाँट बघत नाही, साठवलेले संकेत वाचतो. त्यामुळे अख्ख्या पानावर त्याला ‘चादर’ हा शब्द एकदाही सापडत नाही.

परीक्षा सोपी आहे. वेबसाइटवरची एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आहे. रोमन अक्षरांची खिचडी उमटली तर पान बदलायला हवं.

फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर सोडून देऊ नका. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचंही तसंच, फक्त उलट्या दिशेनं. रूपांतरात मोडतात ती हीच ठिकाणं, आणि जोडाक्षरं. मराठी नीट येणाऱ्या माणसानं पूर्ण मजकूर एकदा वाचावाच.

या कटकटीतून सुटायला अनेक जण पत्रकाचं चित्र करून ते जसंच्या तसं वेबसाइटवर चढवतात. गूगलला चित्रातली अक्षरं काही प्रमाणात ओळखता येतात, पण धंद्याची माहिती त्या भरवशावर ठेवू नये. चादरीची लांबी-रुंदी इंचांत, वजन ग्रॅममध्ये, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणा), रंग पक्का आहे का, घाऊकमध्ये किमान किती नग, माल पोचायला किती दिवस: हे सगळं टाइप केलेलं हवं. लॉजमालक हेच विचारतो. फोटोला पर्यायी मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारी, पानाच्या कोडमधली ओळ) द्यायचा तोही नेमका असावा. ‘फोटो १’ ऐवजी ‘निळी जकार्ड चादर, ६० बाय ९० इंच’.

लोक चादर लिहितात, चद्दर लिहितात, रोमन लिपीत कधी एका डीनं, कधी दोन डींनी लिहितात. गूगल यातले बरेच फरक जुळवून घेतं. शीर्षकात एक रूप आणि मजकुरात ओघानं दुसरं आलं तर पुरे. पानाच्या तळाशी शब्दांचा ढीग रचणं स्पॅममध्ये मोडतं. ‘मेटा कीवर्ड्स’ हा पानाच्या कोडमध्ये शब्दांची यादी देणारा टॅग तर क्रमवारीत वापरत नसल्याचं गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं आहे. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

सोलापूर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलतं. या भाषांतली पानं करायची तर प्रत्येक भाषेचा वेगळा पत्ता हवा आणि ती एकमेकांशी ‘एचरेफलँग’ या, कोणतं पान कोणत्या भाषेतलं ते सांगणाऱ्या, खुणेनं जोडलेली हवीत. बटण दाबल्यावर ब्राउझरमध्येच भाषा बदलणारं साधन लावलं, तर शोधासाठी तेलुगू पान तयारच होत नाही.

(दृश्य: शहरातली बाजारपेठ. चादरींच्या दुकानांची रांग.)

आता क्रम. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली पेजरँकची कल्पना समजायला अवघड नाही. बाजारातल्या चार जाणत्या दुकानदारांनी एकाच कारखान्याचं नाव सांगितलं, तर गिऱ्हाईक तिकडे वळतं, आणि सांगणाऱ्याची स्वतःची पत जितकी मोठी तितकं त्याच्या शब्दाला वजन. दुवा म्हणजे अशी शिफारस. आज शब्दांचा अर्थ, मजकुराचा दर्जा, शोधणाऱ्याची भाषा आणि ठिकाण असे अनेक निकष जोडले गेले आहेत, पण दुव्यांचा विचार अजून होतो.

विकत घेतलेल्या दुव्यांवर २०१२ मध्ये गूगलनं पेंग्विन हा बदल आणला. ‘पाचशे बॅकलिंक’, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे, अशी जाहिरात तरीही चालूच आहे. त्यातले बहुतेक दुवे मोजलेच जात नाहीत, आणि प्रकार उघड असेल तर साइटवर कारवाईही होते. व्यापारी संघटनेच्या सदस्य यादीत, माल घेणाऱ्या हॉटेलच्या पानावर किंवा वृत्तपत्राच्या बातमीत आलेला एक खरा दुवा यापेक्षा मोलाचा आहे.

दुसरी चूक नकळत होते. व्यापारी सूचीवर टाकलेला परिच्छेदच स्वतःच्या वेबसाइटवर चिकटवला जातो. एकसारख्या पानांतलं एक निवडून गूगल तेवढंच दाखवतं, आणि निवड बऱ्याचदा सूचीच्या बाजूनं होते. आपल्या पानावर आपलं वेगळं काहीतरी हवं: नक्षी कशी ठरते, धुतल्यावर चादर किती आटते, कोणतं सूत कशासाठी.

गूगल वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्ती वाचतं. या बदलाची घोषणा २०१६ मध्ये झाली, २०२३ मध्ये तो पूर्ण झाला. संगणकावर दिसणारा आणि मोबाइलवर गाळलेला मजकूर त्यामुळे हिशेबात येत नाही. वेगाचे आकडे ठरलेले आहेत: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, आणि पान उघडताना मजकूर उड्या मारत असेल तर त्याचं माप ०.१ च्या आत राहावं. दर चार भेटींतल्या तीन भेटींना हे जमायला हवं. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवल्यामुळे पहिला आकडा हुकतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवला की तोच फोटो साधारण २०० केबीत बसतो. वेगानं कमकुवत मजकूर वर येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

(दृश्य: सिद्धेश्वर मंदिर, तलाव, भाविकांची गर्दी.)

अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरला निघालेले भाविक सोलापुरात चादर घेतात, आणि दुकान नकाशावर शोधतात. इथले निकष वेगळे: शोधाशी सुसंगती, अंतर आणि दुकानाची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीत, नेमका प्रवर्ग, पाटीवरचंच नाव, वेबसाइटवरचाच पत्ता आणि खऱ्या वेळा भरणं हातात आहे. नावापुढे ‘बेस्ट सोलापुरी चादर होलसेल’ जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वेळ बदलत असेल तर ‘विशेष वेळा’ भरा. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय घेणं नियमाबाहेर आहे. हे प्रोफाइल मोफत असतं. ‘लिस्टिंग संपतंय, फी भरा’ असा फोन गूगलचा नसतो.

जुनी वेबसाइट नव्यानं करताना सर्वांत मोठं नुकसान होतं. पानांचे पत्ते बदलतात आणि जुन्या दुव्यांची कमाई जाते. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नेमक्या नव्या पानाकडे ‘३०१’, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ असं सांगणारं, वळण द्या आणि ते किमान एक वर्ष ठेवा. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणं उपयोगाचं नाही. त्याआधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते पाहा. वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल आणि तो फोन उचलत नसेल, तर नूतनीकरण अडतं. डोमेन आणि सर्च कन्सोल यांची मालकी कारखान्याच्या स्वतःच्या ईमेलवर हवी, एजन्सीला फक्त वापराची परवानगी द्यावी.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. बदलांचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष धरावं. तोवर सर्च कन्सोलमधला ‘परफॉर्मन्स’ अहवाल महिन्यातून एकदा उघडा. ज्या शब्दांवर पान बऱ्याचदा दिसतं पण क्लिक कमी होतात, त्या पानाचं शीर्षक आधी सुधारा. या अहवालात सोळा महिन्यांचीच नोंद राहते. लग्नसराईची तुलना दोन-तीन वर्षांमागच्या लग्नसराईशी करायची असेल, तर दर तिमाहीला तक्ता उतरवून जपून ठेवा.