'मीच तर नाही ना?' : 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मधला संशय

(पडद्यावर : जहाजातली अवजारांची अरुंद खोली. एक तरुण वैमानिक, अंगावरून पाणी निथळतंय.)

लेफ्टनंट शॅरन व्हॅलेरी. सोबतचे वैमानिक तिला 'बूमर' म्हणतात. ती भानावर येते तेव्हा चिंब भिजलेली आहे, आणि आपण या खोलीत कशा आलो ते तिला आठवत नाही. शेजारी पिशवी. पिशवी तिचीच. आत स्फोटकं.

ती शस्त्रागारात जाऊन बघते, तर तिथली स्फोटकं कमी झालेली. थोड्याच वेळात जहाजाच्या पाण्याच्या टाक्या फुटतात आणि पाणी अवकाशात उधळून जातं. जहाजावर घरभेद्याचा शोध सुरू होतो. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतोय. बूमर एकटीच स्वतःकडे बघतेय.

चोराच्या मनात चांदणं, असं आपण म्हणतो. इथे चोरालाच पत्ता नाही की आपण चोर आहोत. चांदणं मात्र लख्ख पडलंय.

(पडद्यावर : जुन्या मालिकेतले चकचकीत धातूचे सायलॉन. मग नव्या मालिकेतल्या लढाऊ जहाजाची लांबलचक बाजू.)

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवावा. पुढे सगळी गुपितं फुटणार आहेत.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या नावाची पहिली मालिका १९७८ ची. त्यातले शत्रू, म्हणजे सायलॉन, धातूचे यंत्रमानव होते. दुरून दिसले तरी ओळखू यायचे. डिसेंबर २००३ मध्ये रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांनी ती गोष्ट दोन भागांत नव्याने मांडली, आणि त्यातून २००४ ते २००९ अशी चार पर्वांची मालिका उभी राहिली. बदल अनेक केले, पण कळीचा एकच. आता सायलॉन हुबेहूब माणसासारखे दिसतात. रक्त येतं, भूक लागते, प्रेमात पडतात. बारा नमुने, प्रत्येकाच्या असंख्य प्रती. आणि काही जणांना आपण सायलॉन आहोत हे माहीतच नसतं.

२००१ च्या न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतरची ती वर्षं. शत्रू आपल्यातच मिसळलेला असेल, शेजारचाच असेल, या भीतीत अमेरिका जगत होती. मालिकेने ती भीती उचलली आणि अवकाशात नेली.

माणसांचे बारा ग्रह अणुबॉम्बने बेचिराख होतात. उरतात सुमारे ५० हजार जीव आणि जहाजांचा एक ताफा. त्यांना राखणारं गॅलॅक्टिका हे जहाज इतकं जुनाट, की त्याचं संग्रहालय करायचं ठरलं होतं. ते वाचतं कशामुळे? कमांडर ॲडामाच्या संशयी स्वभावामुळे. जहाजावरचे संगणक एकमेकांना जोडायचे नाहीत, हा त्याचा दंडक. टेलिफोनसुद्धा तारेचे. सायलॉनांनी बाकीच्या आरमाराच्या यंत्रणा आत शिरून बंद पाडल्या, पण इथे त्यांना शिरायला वाटच नव्हती.

म्हणजे संशयाने या लोकांना एकदा जगवलेलं आहे. त्यामुळेच तो सोडून देणं त्यांना इतकं जड जातं. संगणकाची तार काढून ठेवता येते. माणसाची कुठली तार काढायची?

(पडद्यावर : प्रयोगशाळा. रक्ताचे नमुने, त्यावर नावांच्या चिठ्ठ्या.)

मग चाचणी शोधली जाते. ती शोधणारा शास्त्रज्ञ डॉ. गायस बाल्टार. यानेच आपल्या प्रेयसीला ग्रहांच्या संरक्षण यंत्रणेत शिरकाव करू दिला होता, आणि ती प्रेयसी सायलॉन निघाली होती. ज्याच्या चुकीने घर जळलं, त्याच्याच हाती आगीची चौकशी.

एका माणसाची चाचणी पूर्ण व्हायला अकरा तास. माणसं सुमारे ४८ हजार. हिशेब मांडला तर साठ वर्षं होतात. थोडक्यात, चाचणी आहे आणि नाहीही. बूमर मात्र स्वतःहून रक्त देते. तिला खात्री हवी आहे. निकाल येतो : सायलॉन. बाल्टार तो बघतो, ही आपल्याला इथेच मारून टाकेल या विचाराने घाबरतो, आणि तिला सांगतो, तू माणूसच आहेस.

अख्ख्या मालिकेत मला हा प्रसंग सगळ्यात क्रूर वाटतो. संशय फिटावा म्हणून ती आपल्या पायांनी चालत आली होती, आणि विज्ञानाने तिच्या तोंडावर खोटं सांगितलं. त्यानंतर तिच्या मनात जे उठतं त्याला बाहेरून दुजोरा मिळायचा रस्ताच बंद होतो.

तिची झुंज त्याआधीच सुरू झालेली असते. पाणी गेल्यावर जवळपासच्या ग्रहांवर पाणी शोधायला ती विमान घेऊन जाते. समोरचा पडदा सांगतो, पाणी आहे. सोबतचा सहकारी विचारतो, काय दिसतंय? आणि तिची जीभच उचलत नाही. 'काही नाही' एवढंच तोंडातून निघतं. त्याच वेळी तिला दिसतं, आपल्याच आसनाखाली स्फोटकं चिकटवलेली आहेत. ग्रेस पार्क या अभिनेत्रीने ते काही क्षण जवळजवळ नुसत्या जबड्यावर तोलले आहेत. ओठ एक सांगायला निघतात, दुसरंच कुणीतरी ते मागे ओढतं. शेवटी ती जोर लावून खरं बोलते : पाणी सापडलं. त्या दिवशी माणूस जिंकला म्हणायचं की यंत्र हरलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पहिल्या पर्वाच्या अखेरीस तिला शत्रूच्या जहाजावर अणुबॉम्ब ठेवायला पाठवतात. तिथे तिला स्वतःच्याच चेहऱ्याच्या कितीतरी बायका भेटतात. तरीही ती बॉम्ब ठेवते, काम फत्ते करून परतते. ॲडामा तिचं अभिनंदन करतो, हात पुढे करतो. आणि ती पिस्तूल काढून त्याच्यावर दोन गोळ्या झाडते. आपण काय केलं हे तिला त्यानंतर कळतं.

(पडद्यावर : शवागार. ॲडामा आणि चीफ टायरल.)

ॲडामा वाचतो. बूमरला मात्र जहाजावरच्याच एकीने सूड म्हणून गोळी घातलेली असते. तिचा प्रियकर होता चीफ टायरल, विमानांची देखभाल करणाऱ्यांचा मुकादम. ॲडामा त्याला विचारतो, तुझं तिच्यावर प्रेम होतं का? टायरल म्हणतो, तसं वाटलं होतं खरं. यावर ॲडामाचं म्हणणं असं, की आपलं प्रेम आहे असं वाटणं हेच तर प्रेम. मग तो विचारतो, यंत्रावर प्रेम करता येईल का? टायरलचं उत्तर : नाही साहेब, मला तरी नाही जमायचं.

हे उत्तर लक्षात असू द्या.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे टायरलला स्वप्नं पडू लागतात. उंचावरून उडी टाकून जीव देण्याची. बूमरलाही माहीत नव्हतं, मग आपल्याला तरी कशावरून माहीत असणार? तो ब्रदर कॅव्हिल नावाच्या धर्मगुरूकडे जातो आणि भीती बोलून दाखवतो : मी सायलॉन असलो तर? कॅव्हिल गमतीत म्हणतो, छे, मी स्वतः सायलॉन आहे आणि आमच्या बैठकांना तू कधी दिसला नाहीस.

टायरलचा जीव भांड्यात पडतो. प्रेक्षक हसतात. थोड्याच वेळात कळतं की कॅव्हिल खरोखरच सायलॉन आहे. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, मार्च २००७ मध्ये, कळतं की टायरलही आहे. आणि चौथ्या पर्वात कळतं की हे कॅव्हिलला तेव्हाही ठाऊक होतं. एका विनोदाचे तीन मजले.

पण तो विनोद लिहिला गेला तेव्हा वरचे मजले बांधलेलेच नव्हते. बारा नमुन्यांपैकी शेवटचे पाच अज्ञात सायलॉन कोण, हे लेखकांनी आधी ठरवलेलं नव्हतं. त्यांतले चौघे तिसऱ्या पर्वाच्या कामात ठरले, हे मूर यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. आधीच्या पर्वांत भागांच्या सुरुवातीला पडद्यावर झळकायचं की सायलॉनांकडे एक योजना आहे. योजना लेखकांकडेच नव्हती, ही चाहत्यांची जुनी तक्रार.

तक्रार रास्त आहे. तरी मला वाटतं, मालिकेच्या हाती सगळ्यात मोठं घबाड लागलं ते इथेच. बूमर सायलॉन आहे हे ग्रेस पार्कला सुरुवातीपासून माहीत होतं. तिच्या डोळ्यांत ती सावली पहिल्यापासून शोधता येते. टायरलचं काम करणाऱ्या ॲरन डग्लसने आणि ॲडामाच्या हाताखालचा कर्नल टाय साकारणाऱ्या मायकेल होगनने तीन पर्वं माणूसच साकारला. मनात काही राखून ठेवलेलं नाही, कुठे डोळा मिचकावलेला नाही. म्हणून गुपित फुटल्यावर मागे वळून पाहिलं, तर ती सगळी वर्षं खोटी ठरवता येत नाहीत. टायरलचा राग खराच होता, टायची दारूही खरीच होती. 'इतके दिवस सोंग होतं' असं म्हणायची सोय प्रेक्षकाला उरत नाही, आणि त्या पात्रांनाही नाही.

(पडद्यावर : अंधारलेलं जहाज. चार माणसं वेगवेगळ्या वाटांनी एकाच खोलीकडे निघाली आहेत.)

त्या चौघांना एक धून ऐकू येत असते, इतर कुणालाही न ऐकू येणारी. तिच्या मागे मागे ते एका खोलीत जमतात. कर्नल टाय, टायरल, खेळाडू सॅम अँडर्स, राष्ट्राध्यक्षांची सहायक टोरी फॉस्टर. यांतल्या तिघांनी सायलॉनांच्या ताब्यातल्या वसाहतीत बंडाचं नेतृत्व केलेलं. टायने तर आत्मघातकी हल्ले करवले होते, सायलॉनांच्या कैदेत डोळा गमावला होता, आणि शत्रूला माहिती दिली म्हणून स्वतःच्या बायकोला विष पाजलं होतं. तोच सायलॉन.

तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा वाजतो. टाय म्हणतो त्याचा आशय असा : माझं नाव सॉल टाय, मी या आरमाराचा अधिकारी, आणखी मी जो कोणी असेन तो असेन, मला व्हायचंय तो माणूस हाच, आणि आज मेलो तर हाच म्हणून मरेन. आणि तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो.

इतरांचं तसं होत नाही. अँडर्सला भीती, आपल्या हातून बूमरसारखं काहीतरी होईल. टोरीला उलट मोकळं झाल्यासारखं वाटतं. तिने पुढे एक खून केला आणि तो पचवलाही. टायरल खचत जातो. बातमी एक, माणसं चार.

पुढे टाय ॲडामाला कबुली देतो. ॲडामाला ते मुळीच पटत नाही. तीस वर्षांची दोस्ती. तो म्हणतो, तू भेटलास तेव्हा तुझ्या डोक्यावर केस होते. सायलॉन म्हातारा होतो हे कधी ऐकलं नाही. कसली अकरा तासांची चाचणी! मित्राकडे पुरावा काय, तर गेलेले केस. ॲडामा साकारणाऱ्या ओल्मोसने ते वाक्य जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हटलंय, आणि पटल्यावर ॲडामा इतका कोसळतो की गोळ्या लागल्या तेव्हाही इतका कोसळला नव्हता.

यानंतर मालिका थोडी घसरते, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी २००९ च्या एका भागात डोक्यात गोळी घेऊन पडलेला अँडर्स सगळा पूर्वेतिहास सांगत सुटतो. कोण कुठून आलं, कुणी कुणाला घडवलं, कुणाच्या आठवणी कुणी पुसल्या. खुलासा वाढत जातो तसतसा संशय विरत जातो, आणि संशय विरला की ही पात्रं वंशावळीतली नावं वाटायला लागतात.

(पडद्यावर : एकाच चौकटीत दोन शॅरन.)

बूमरची गोष्ट मात्र त्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली नाही. सायलॉन मेला की त्याच्या आठवणी नव्या शरीरात उतरतात. बूमरही अशीच पुन्हा उठते, आता आपण कोण हे पक्कं माहीत असलेली. आणि गॅलॅक्टिकावर दरम्यान दुसरी शॅरन आलेली असते : तोच चेहरा, बूमरच्याच आठवणी. ही पहिल्यापासून स्वतःला यंत्र म्हणून ओळखते, तरी माणसांची बाजू घेते, लग्न करते, हेरा नावाच्या मुलीची आई होते. ॲडामा तिला अधिकारी म्हणून शपथ देतो. वैमानिक तिचं नाव ठेवतात 'अथीना'.

जिने आपण माणूस आहोत असं समजून इमाने नोकरी केली, तिच्या हातून घात झाला. जी शत्रू म्हणूनच आली होती, ती घरची झाली. चौथ्या पर्वात बूमर अथीनाचं सोंग घेते, तेव्हा अथीनाच्या नवऱ्यालाही फरक कळत नाही. बूमर हेराला पळवून नेते.

आणि शेवटच्या भागात ती मुलीला परत आणून आईच्या हाती देते. म्हणते, म्हाताऱ्याला (म्हणजे ॲडामाला) सांग, त्याचं एक देणं होतं. अथीना तिला तिथल्या तिथे गोळी घालते. मग मालिका वर्षांनुवर्षं मागे जाते. बूमर नवखी वैमानिक, विमान नीट उतरवता येत नाही, टाय तिची खरडपट्टी काढतोय. ॲडामा तिला आणखी एक संधी देतो. ती म्हणते, याची फेड मी कधीतरी करीन, खरी गरज असेल तेव्हा.

बूमरच्या डोक्यात आई-वडिलांच्या आणि बालपणाच्या ज्या आठवणी भरल्या होत्या, त्या सगळ्या बनावट होत्या. ही संधी मात्र तिला खरोखर मिळाली होती, आणि ती घेतानाची शॅरन स्वतःला माणूस समजत होती. तिचं देणं फेडलं ते त्या समजुतीतून बाहेर पडलेल्या बाईने.