निळीचा माठ

हा तांबूस झाक मारणारा निळा फेस माठावर आला, की माठ लागला, म्हणजे रंगाईला तयार झाला म्हणायचं. खालचं पाणी मात्र निळं नाही. नीट बघा, हिरवट पिवळं आहे.

नीळ झुडपाच्या पानांतून निघते. पानं पाण्यात आंबवायची, ते पाणी घुसळायचं आणि तळाचा गाळ वाळवून वड्या पाडायच्या. गोव्यातल्या डिचोलीच्या या पडवीत तमिळनाडूतल्या टिंडिवनमकडच्या वड्या येतात. वडी कुटली तरी पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कापडात शिरत नाही. तिला विरघळवतात चुना आणि गूळ. इथे चुना शिंपल्यांचा आणि गूळ माडाचा. गुळातली साखर चुन्याच्या पाण्यात निळीचं क्षपण करते, म्हणजे तिला विरघळणाऱ्या रूपात आणते. रसायनाच्या पिशव्या लागत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं.

रंगाई करणाऱ्या ताई ओलं कापड माठात अलगद सोडतात. आत हवा गेली तर माठ बिघडतो, म्हणून बुडबुडाही उठू देत नाहीत. कापड बाहेर आलं, ते हिरवं. आता नजर हलवू नका. कडेकडेने पोपटी, मग मोरपंखी, मग निळं! हवेतला प्राणवायू लागला, की नीळ धाग्यातच पुन्हा घट्ट होते. एका बुडीत आभाळी रंग. गडद हवा असेल तर पुन्हा माठ, पुन्हा हवा.

ही नक्षी दाबूची, पद्धत राजस्थानातल्या बगरूकडची. चिखल, चुना आणि डिंकाच्या लगद्यात सागवानी ठसा बुडवून कापडावर दाबायचा, वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा. चिखल असतो तिथे रंग चढत नाही. गरम पाण्यात हा लेप सुटला असता, पण निळीचा माठ थंडच चालतो. धुतल्यावर बघा, पाकळीची रेघ कशी स्वच्छ उमटली आहे!

गोव्याला नीळ नवी नाही. १५६३ साली इथे छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात तिची नोंद आहे, आणि गुजरातेतल्या सरखेजची नीळ गोव्यावरून लिस्बनला जात असे. १८९७ मध्ये जर्मनीतली कारखान्याची नीळ बाजारात आली आणि शेतातली मागे पडली. चंपारणात निळीच्या सक्तीने शेतकरी भरडले गेले, हेही याच पिकाच्या वाट्याचं.

पावसाळ्यात चिखल वाळत नाही, तेव्हा ठसे बंद. साधी रंगाई चालू राहते. हे कापड गिरणीच्या छापील कापडापेक्षा महाग पडतं. घेतलंत तर सुरुवातीला वेगळं धुवा, वरवरची नीळ सुटते.