अस्वली स्टेशन, मेमूचा थांबा

इगतपुरीहून नाशिकरोडला येताना घोटी गेलं, पाडळी गेलं की अस्वली. पंचवटी एक्सप्रेसने अपडाऊन करणाऱ्यांनी हा पिवळा बोर्ड खिडकीतून बघितला असेल, पण पूर्ण वाचून व्हायच्या आत तो मागं पडतो, कारण घाट चढवायला मागून लावलेली बँकर इंजिनं इगतपुरीला सुटली की गाडी जी पळत सुटते ती देवळालीलाच दम घेते.

इथं थांबते ती मेमू, म्हणजे छोट्या स्टेशनांवर थांबत जाणारी विजेवरची पॅसेंजर. तिलाही कधी कधी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालून ठेवतात, मागून लांब पल्ल्याची काढायची असते ना. मग डब्यातले निम्मे लोक खाली, कोणी तंबाखू मळतंय, कोणी मोबाईल वर धरून रेंज शोधतंय, आणि लांबून भोंगा आला की सगळे दोन पावलं मागं. एक्सप्रेस धडधडत जाते, प्लॅटफॉर्मवरचा कागद-कचरा तिच्या मागं धावतो, आणि सिग्नल पडला रे पडला की पुन्हा चढाचढी.

आजूबाजूला बेलगाव कुऱ्हे, नांदूरवैद्य, सगळी भाताची गावं. आषाढात या, रुळाच्या कडेला गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकलेल्या दिसतील, पूर्वी डोक्यावर इरलं असायचं, आता निळा-पिवळा प्लास्टिकचा कागद. हात इतका झपाझप चालतो की आमचा कॅमेरा स्टँडवर बसेपर्यंत अर्धं खाचर लावून झालेलं.

जवळच दारणा धरण, 1916 चं, इंग्रजांनी बांधलेलं. पाऊस पडतो इगतपुरी तालुक्यात आणि पाणी जातं नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी पार कोपरगाव-राहात्याकडं. इकडच्या वाड्या-पाड्यांवर उन्हाळ्यात हंडेच. तालुक्याची ही तक्रार जुनी आहे, आणि खरं सांगू का, रास्त आहे.

पण स्टेशनवर विषय गाडीचाच निघतो. मार्च 2020 ला पॅसेंजर बंद झाल्या, परत सुरू झाल्या तेव्हा कमीत कमी तिकीट 10 चं 30 झालेलं. अस्वली ते देवळाली तीस रुपये, मजुरीवर जाणाऱ्याने काय करायचं? 2024 च्या फेब्रुवारीत ते परत दहावर आलं, पण भुसावळ-मुंबई पॅसेंजर गेली ती गेलीच, आणि तिच्या जागी आलेली मेमू इगतपुरीलाच संपते, पुढं कसाऱ्याकडं जायचं तर बदला गाडी. जवळच्या गोंदे गावच्या कंपन्यांत कामाला असलेली पोरं सरळ बाईक काढतात. कॉलेजच्या मुलींना बाईक कोण देतंय, त्या मेमूच्या टायमावरच चालतात, पहिलं लेक्चर बुडालं तर बुडालं.