कप्तानाचं मासिक

नमस्कार श्रोतेहो. युरोपातल्या सात वर्षांच्या युद्धाचा (१७५६ ते १७६३) एक पदर आपल्याकडेही पोचला होता. १७६० साली तमिळ मुलखातल्या वांदिवाशला इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांना भिडले, ते त्याच युद्धात. तिकडे युरोपात याच युद्धात प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या फौजेत एक कोवळा पोरगा लढत होता. योहान विल्हेल्म फॉन आर्खेनहोल्त्स. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण माणूस ओळख करून घेण्याजोगा आहे.

जन्म १७४१चा, डान्झिगजवळच्या (आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क) लांगफुरचा. कॅडेट शाळेतून सोळाव्या वर्षी तो फौजेत गेला. १७६३ मध्ये तह झाला आणि जखमांपायी त्यालाही फौज सोडावी लागली. हुद्दा कप्तानाचा, हाताला काम नाही.

मग सोळा वर्षं भटकंती. त्यातली दहाएक एकट्या इंग्लंडमध्ये, आणि तीही मोक्याची. लंडनच्या वर्तमानपत्रांनी संसदेतली भाषणं छापू नयेत म्हणून चाललेली अडवणूक १७७१ नंतर ढिली पडली होती. राज्यकारभार चव्हाट्यावर बोलायचा विषय असतो, हे या प्रशियन कप्तानाने तिथे पाहिलं. जिथून तो आला होता तिथे हुकूम ऐकायचा असे, त्यावर चर्चा नसे.

१७८५ मध्ये ‘इंग्लंड आणि इटली’ हे त्याचं पुस्तक आलं. इंग्लंडचं तोंडभरून कौतुक आणि इटलीच्या वाट्याला शिव्याच. पुढच्याच वर्षी जर्मन महाकवी गटे रोममध्ये होता, तिथे ते पुस्तक त्याच्या हाती पडलं. गटेने लिहिलं, की असलं लिखाण प्रत्यक्ष जागेवर वाचलं की आक्रसून जातं. निखाऱ्यावर ठेवावं आणि पानं आधी तपकिरी, मग काळी पडून, वळून, धूर होऊन जावीत, तसं. बोचरं आहे, पण मला विचाराल तर गटेचं बरोबरच होतं. एका देशाच्या प्रेमात पडलेला माणूस दुसऱ्या देशाला न्याय देत नाही. युद्धाचा इतिहास लिहिताना मात्र त्याची लेखणी जागेवर होती. सात वर्षांच्या युद्धावरचा त्याचा ग्रंथ १७९३ मध्ये दोन खंडांत निघाला आणि जर्मन वाचकांनी तो डोक्यावर घेतला.

पण त्याचं खरं काम म्हणजे ‘मिनर्व्हा’ हे मासिक. फ्रेंच राज्यक्रांती डोळ्यांनी बघायला तो पॅरिसला जाऊन राहिला. राजाच्या सत्तेला राज्यघटनेचा लगाम बसतोय, याचा त्याला आनंद होता. जॅकोबिनांचा, म्हणजे क्रांतीतल्या जहाल गटाचा, जोर वाढला तसा तो विटला. १७९२ मध्ये तो हॅम्बुर्गला स्थायिक झाला आणि तिथून हे राजकीय मासिक चालवू लागला. मुखपृष्ठावर शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधली ओळ, तीही इंग्रजीतच! आपल्या काळाचं रंगरूप जसंच्या तसं दाखवावं, अशा अर्थाची.

आणि इथे या एककल्ली प्रवाशाचा चांगला संपादक झाला. का? तर तो इतरांना बोलू देऊ लागला. एल्सनर हा क्रांतीचा कैवारी पॅरिसहून पत्रं लिही, ती मिनर्व्हात छापून येत. १७९४च्या नाताळच्या आदल्या दिवशी पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेल्या तरुण हेगेलने बर्नहून आपला मित्र शेलिंग, तोही पुढे तत्त्वज्ञच, याला कळवलं, की तुला चांगल्या ठाऊक असलेल्या मिनर्व्हातल्या पत्रांचा लेखक मला इथे अवचित भेटला. म्हणजे हे मासिक त्या पोरांच्या रोजच्या बोलण्यात होतं. पुढे १८०४ मध्ये हैतीत गुलामांनी लढून स्वतःचं राज्य उभारलं. त्या उठावाची हकिकतही मिनर्व्हाने १८०४-०५ मध्ये क्रमशः छापली. स्वामी आणि दास यांच्या नात्याबद्दल हेगेलने केलेल्या प्रसिद्ध तात्त्विक विवेचनामागे हेच वाचन असावं, असं काही अभ्यासक आज मानतात. अनुमानच ते, पण मला पटण्यासारखं वाटतं.

१८११ मध्ये नेपोलियनने हॅम्बुर्ग फ्रान्सला जोडून टाकलं. पॅरिस सोडून आलेला संपादक म्हातारपणी घरबसल्या फ्रेंच राज्यात आला. २८ फेब्रुवारी १८१२ रोजी हॅम्बुर्गजवळच्या ओयेनडॉर्फ इथे तो वारला. मिनर्व्हा मात्र बंद पडलं नाही, ब्रान नावाच्या संपादकाने ते पुढे चालवलं. नमस्कार.