छत्री मागे न्या

न्यू जर्सी, मे महिना, एका हायस्कूलचं जिम. बास्केटबॉलच्या रिंगखाली हा जो निळा पडदा लागतोय ना, तिथे संध्याकाळी प्रॉमचे फोटो होणारेत. प्रॉम म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांचा मोठा डान्स, मुलं टक्सिडोत, मुली झगमगत्या गाऊनमध्ये, आणि आत नाचायला जायच्या आधी जोड्या लायनीत उभं राहून रीतसर फोटो काढून घेतात.

आता व्हिडिओत फोटोग्राफरचे हे हात बघा. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारतायत, पडद्यापासून ६ फूट पुढे, कारण जवळ उभं केलं की दोघांच्या सावल्या मागे पडद्यावर चिकटतात.

मग छत्री, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवणारी, स्टँडवर लावलेली. नवखा माणूस ती जवळ ओढतो, जवळचा लाईट मऊ पडतो म्हणून, एकट्या माणसाला मस्तच आहे ते. पण इथे दोघं आहेत. छत्री एकापासून ४ फुटांवर आणि दुसऱ्यापासून साडेपाच फुटांवर, तर लांबच्याला जवळपास निम्माच उजेड मिळतो! तीच १० फुटांवर न्या, लांबच्याला पाऊण तरी मिळतो. म्हणून ही मागे मागे सरकणारी पावलं आम्ही कापली नाहीत, पूर्ण ठेवलीत.

टेस्टला ही जोडी आली. ती सावळी, तो गोरापान. तिला छत्रीच्या बाजूला घेतलं, छत्रीचं तोंड तिच्याकडे वळवलं, त्याच्यावर नुसती उजेडाची कड. फिल्मच्या जमान्यात लॅबवाले रंग जुळवायला कोडॅकचं 'शर्ली कार्ड' वापरायचे, त्यावर कित्येक वर्षं गोरीच बाई असायची, त्या मापाने सावळे चेहरे मातकट यायचे. आज कॅमेरा बदलला तरी एकच सेटिंग लावून सगळ्यांना उरकणारे आहेतच. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमला "जरा गोरं करून द्या" म्हणणारे पण कमी नाहीत, असो.

हा चष्मेवाला मुलगा, काचेत अख्खी छत्री दिसतेय. स्टँड वीतभर वर केला, गेली.

कॅमेऱ्याचं सेटिंग, म्हणजे किती उजेड टिपायचा ते: एफ ८, शटर १/१६०, आयएसओ २००. आणि हा फोटो मुद्दाम फ्लॅश बंद ठेवून काढलेला, जवळजवळ काळाच, म्हणजे जिमचे ते पिवळट दिवे आता फोटोत लुडबुड करणार नाहीत.

फोटो बिघडले तर घरचे पैसे परत मागतात, शाळा पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघते, ते एक आहेच.

दारं उघडली. ती त्याच्या कोटाला फूल लावतेय, पिन दोनदा निसटली. इथून पुढे मी बोलत नाही, फ्लॅशचा आवाज तेवढा ठेवलाय.