दूध कुठे गेलं?

नमस्कार मंडळी! पोहे झाले का? जीरावन, म्हणजे आपला इंदुरी मसाला, टाकून झाले असतील तरच पुढे ऐका, नाहीतर आधी ते उरकून या, मी थांबते.

आज बोलायचंय जनावरांच्या नाटकाबद्दल. म्हणजे स्टेजवर डुक्कर, घोडा, मेंढ्या आणि बोलणं सगळं खुर्चीचं. आपल्याला हे काही नवीन नाही, पंचतंत्रातला पिंगलक सिंह आणि त्याचे कान भरणारा दमनक आजीनं सगळ्यांनाच सांगितलेला असतो. पण मला आज इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' घ्यायचंय, मुळात कादंबरी आहे, १९४५ ची. हा माणूस जन्मला आजच्या बिहारात, मोतीहारीला, आणि महायुद्धात बीबीसीवरून हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करायचा, म्हणजे आमच्याच धंद्यातला.

गोष्ट माहितीये ना, जनावरं मालकाला हाकलतात, सगळे समान असं ठरतं, आणि पहिल्याच दिवशी पाच बादल्या दूध गायब. नंतर कळतं की रोज डुकरांच्या आंबोणात जातंय. मग सफरचंदंही त्यांनाच, का तर डोक्याचं काम ते करतात, त्यांना ताकद नको? दूध आणि सफरचंदं, लक्षात ठेवा. कत्तली वगैरे पुढे होतात, पण गोष्ट फिरते ती इथे, दूध आणि सफरचंदांपाशी, असं ऑर्वेलनंच एका पत्रात लिहिलंय. १९४७ मध्ये बीबीसीवर याचं रेडिओ नाटक झालं, त्यात जनावरं सफरचंदांवरून कुरकुरतात अशी चार वाक्यं त्यानं मुद्दाम वाढवली, तर निर्मात्यानं नेमकी तीच कापली! निर्मात्याची कात्री काय असते ते मला विचारा.

बरं, आता आमची कोजागिरी. इंदुरात रामबागेकडे राहायचो तेव्हा पोरांना घेऊन मी हे नाटक बसवलं होतं, अर्ध्या तासाचं. मुखवटे शेवेच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे. सगळी पोरं स्वतःच्या आवाजात बोलत होती हं, हल्ली रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवतात, त्याला मी नाटक म्हणतच नाही. तर दूध आटत होतं, मोठं पातेलं, केशर, चारोळी (काजू घालणाऱ्यांशी मी बोलत नाही). कमिटीचे काका म्हणाले, इथे गर्दी होईल, पातेलं स्टेजमागच्या खोलीत ठेवू, नाटक झालं की आम्ही सगळ्यांना व्यवस्थित वाटतो.

नाटक सुरू झालं. गाय झालेली मुलगी आठ वर्षांची, तिचं वाक्य एवढंच, "आमचं दूध कुठे गेलं?" पण एंट्रीच्या आधी ती त्या खोलीतून पाणी पिऊन आली होती. वाक्य म्हणाली, मग विंगेत बघितलं, मुखवटा वर केला आणि खणखणीत आवाजात, "काका, तुमच्या मिशीला लागलंय!"

अख्खं पटांगण हसलं. काका चिडले, तडक स्टेजवर आले, माइक ओढला आणि म्हणाले, कार्यकर्ते दुपारपासून राबतायत, जबाबदारी त्यांच्यावर आहे, दोन पेले आधी घेतले तर काय बिघडलं, त्यांना ताकद नको?

टाळ्या! लोकांना वाटलं काकांचाही पार्ट आहे, मागून कोणीतरी ओरडलं, "भिया, वन्स मोअर!" आणि डुकरांचा वकील झालेला पोरगा विंगेत माझा पदर ओढतोय, रडवेला होऊन, "काकू, माझा डायलॉग त्यांनीच म्हटला, आता मी काय म्हणू?"

मी म्हटलं, तू जाऊन पातेलं बघून ये. तळाला होतं थोडं, साय चिकटलेली.

पुढच्या कोजागिरीला पातेलं स्टेजवरच ठेवलं, अगदी मधोमध, आणि घोड्याला त्याला वळसा घालून पळावं लागलं.