सर्किट बेंच कोल्हापूरला आलं, भाषेचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्यालयाबाहेर बसणारं पीठ, कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ही मागणी चार दशकांहून जुनी. वकिलांनी त्यासाठी मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाजावर बहिष्कार टाकले. आता आजऱ्याच्या पक्षकाराला तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागत नाही. फार चांगलं झालं. पण तो कोर्टात पोचतो, मागच्या बाकावर बसतो आणि त्याच्याच जमिनीबद्दल पुढे काय बोलणं चाललंय, ते त्याला कळत नाही. आज त्याविषयी बोलू या.

समजा, गडहिंग्लजकडच्या एका बाईंचा वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्शाचा दावा आहे. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, दावा मराठीत, भावांची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, तेही मराठीत. साक्षीच्या पिंजऱ्यात त्या सांगतात, "आबा गेले तवा थोरल्यानं कागदावर अंगठा घेतला. कशाचा, ते सांगितलं नाही." उलटतपासात भावांचे वकील विचारतात, "तुम्ही खुशीनं हक्क सोडला, हे खरं ना?" बाई म्हणतात, "खुशीनं कोण सोडतंय, साहेब?"

इथवर बाईंना सगळं समजतं. पुढे जिल्हा न्यायालयातलं अपील फेटाळलं गेलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की बोलणंच बदलतं. अपिलाचा मेमो इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत, निकाल इंग्रजीत. मराठी कागदांची भाषांतरं करून घ्या, त्याचे पैसे मोजा. सर्वोच्च न्यायालयात तर इंग्रजी भाषांतराशिवाय कागद चालतच नाही. बाईंचं ते उत्तर तिथे पोचेपर्यंत किती हातांतून जातं! त्यातला नकार शाबूत राहिला का, हे तपासायची सोय त्यांच्याकडे नाही. वकील बाहेर येऊन सांगतील तेवढंच खरं. तेही घाईत, पुढच्या मॅटरकडे जाता जाता.

हे असं का आहे? राज्यघटनेचं कलम ३४८ सांगतं, की संसद कायद्यानं दुसरी तरतूद करीपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचं आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत चालेल. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या खंडात एक वाट ठेवलेली आहे. राष्ट्रपतींची पूर्वसंमती घेऊन राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याची राजभाषा वापरायला परवानगी देऊ शकतात. निकालपत्रांना ही परवानगी लागू होत नाही, पण १९६३च्या राजभाषा कायद्यानं त्यांचाही मार्ग मोकळा केला. राष्ट्रपतींची तशीच पूर्वसंमती घ्या, निकाल हिंदीत किंवा राज्याच्या भाषेत द्या आणि सोबत इंग्रजी भाषांतर जोडा, इतकीच अट.

आता या वाटेनं कोण गेलं ते पाहा. राजस्थान १९५० साली, उत्तर प्रदेश १९६९, मध्य प्रदेश १९७१, बिहार १९७२. चारही राज्यं हिंदीची. पुढे तमिळनाडूनं तमिळसाठी, गुजरातनं गुजरातीसाठी, पश्चिम बंगालनं बंगालीसाठी, कर्नाटकनं कन्नडसाठी मागणी केली. छत्तीसगडनं हिंदीसाठी केली. अशा प्रस्तावांवर सरन्यायाधीशांचं मत घ्यायचं, असं केंद्रानं १९६५ पासून ठरवलेलं आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींच्या बैठकीत या पाचही मागण्या नाकारल्या गेल्या.

छत्तीसगडलाही नकार मिळाला, तेव्हा हा हिंदीचा पक्षपात नव्हे, असं कोणी म्हणेल. तो मुद्दा मान्य. पण आज हातात काय उरलं? उच्च न्यायालयात इंग्रजीखेरीज परवानगी असलेली भाषा एकच, हिंदी. घटनेत मराठी, तमिळ, बंगालीला जी दारं लिहून दिली आहेत, ती कडी लावलेली आहेत.

न्यायमूर्तींच्या बदल्या होतात, मुख्य न्यायमूर्ती तर बहुधा परराज्यातून येतात, त्यांना मराठी कशी समजणार, हा आक्षेप हमखास येतो. तो फालतू नाही. पण दक्षिणेतले न्यायमूर्ती अलाहाबादला किंवा पाटण्यालाही जातातच की. तिथे इंग्रजी हद्दपार झालेली नाही; हिंदीत बोलायची मुभा आहे, एवढंच. आपल्या उच्च न्यायालयाखाली गोवाही येतो, तिथली राजभाषा कोकणी, ही अडचण त्याहून खरी. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. ज्याला मराठीत बोलायचं त्यानं बोलावं, बाकीच्यांनी इंग्रजीत बोलावं. मराठीत कायद्याची परिभाषा नाही, ही तक्रारही टिकत नाही. भाषा संचालनालयानं न्यायव्यवहाराचा कोश कधीच काढलाय.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. त्या पाच राज्यांच्या यादीत महाराष्ट्र नाही! २०२५ साली पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावर आपण रान उठवलं आणि सरकारला जूनच्या अखेरीस ते आदेश मागे घ्यावे लागले. ते योग्यच झालं. उच्च न्यायालयातल्या मराठीसाठी मात्र तसं रान उठलेलं आठवत नाही. इतकंच कशाला, जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ची आहे, तरी तिथेही इंग्रजी निकाल सर्रास लिहिले जातात. तिथे दिल्लीनं काही अडवलेलं नाही. वकिलांना आणि न्यायाधीशांना इंग्रजी मसुद्यांची सवय आहे, जुन्या फायलीतून उतरवायला ते सोपे पडतात, आणि अशिलालाही वाटतं की इंग्रजीत लिहिणारा वकील जास्त हुशार.

नोव्हेंबर २०१९ पासून सर्वोच्च न्यायालय संगणकाच्या मदतीनं निकालांची भाषांतरं करून घेतं, त्यात मराठीही आहे. संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. मात्र अधिकृत प्रत इंग्रजीचीच.

म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो. फौजदारी खटल्यात कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत मोफत मिळते. त्यानं अर्ज केला, तर शक्य असेल तिथे त्याच्या स्वतःच्या भाषेतलं, नाहीतर त्या न्यायालयाच्या भाषेतलं भाषांतरही विनाविलंब द्यायचं, आणि त्या निकालावर त्याला अपील करता येत असेल तर विनाशुल्क द्यायचं, असं कायदा सांगतो. आपल्याकडे न्यायालयाची भाषा मराठी. तुमच्या ओळखीत कोणावर अशी वेळ आली, तर त्यांना हा अर्ज करायला सांगा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. नमस्कार.